कॉम्प्युटर न म्हणता आणलेला कॉम्प्युटर

८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात एक करार झाला. बँकांमध्ये कोणती यंत्रं आणायची, किती आणायची, ती चालवणाऱ्याला कोणता जादा भत्ता द्यायचा, हा त्याचा विषय. यंत्र आलं म्हणून कुणाला घरी पाठवायचं नाही, हेही त्यात आलं. शाखांसाठी जे यंत्र ठरलं त्याचं नाव होतं ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’, बोलण्यात एएलपीएम. आत मायक्रोप्रोसेसर, समोर कीबोर्ड, जोडीला प्रिंटर. आज शाळेतल्या मुलाला दाखवलं तरी तो म्हणेल, हा जुना कॉम्प्युटर आहे. नावात मात्र तो शब्द नव्हता.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. रंगराजन तेव्हा रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. समितीच्या नावात शब्द होता ‘यांत्रिकीकरण’. तिचा अहवाल १९८४ साली आला. १९८८ मध्ये दुसरी समिती नेमली गेली. अध्यक्ष तेच, विषय साधारण तोच, पण या वेळी नावात शब्द आला ‘संगणकीकरण’. पहिल्या समितीपासून दुसऱ्या समितीपर्यंत पाच वर्षं गेली, आणि तेवढ्या वेळात तो शब्द उघडपणे उच्चारता येऊ लागला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. राहतो मुलुंडला, ऑफिस अंधेरीला. आमच्या धंद्यात एक तयार स्लाइड असते, जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला दाखवली जाते: ‘लोकांचा बदलाला विरोध असतो, तो कसा मोडून काढायचा.’ खाली उपाय असतात. प्रशिक्षण द्या, फायदे सांगा, उत्साही लोकांना पुढे करा. ही स्लाइड मी किती वेळा पाहिली असेल याचा हिशेब नाही. तिच्यात एक गोष्ट कधीच नसते. विरोध करणारे लोक नेमकं काय म्हणत होते?

ते काय म्हणत होते, हे शोधायला गेलं की हा इतिहास हाती लागतो. त्याचा बराचसा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे. दिवसभर फोर्टात लेजर भरून संध्याकाळी बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या गाड्या पकडणाऱ्या माणसांचा तो इतिहास आहे.

वहीतलं काम

आधी ते काम काय होतं ते पाहू. आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक कर्मचारी राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी मला एकदा रविवारची अख्खी सकाळ खर्चून ते समजावून सांगितलं.

तुम्ही पैसे काढायला जाता, चेक देता, हातात पितळी टोकन घेता आणि बाकावर बसता. आत तुमचा चेक लेजरवाल्याकडे जातो. लेजर म्हणजे जाडजूड वही, त्यात प्रत्येक खात्याचं पान. तो पान काढतो, शिल्लक पाहतो, सही ताडतो, नोंद करतो, नवी शिल्लक लिहितो. मग सुपरवायझर ते तपासून सही करतो. मग चेक कॅशियरकडे, मग तुमच्या टोकनाचा पुकारा. संध्याकाळी दिवसभराच्या व्हाउचरांची बेरीज जुळवायची. ठरावीक काळाने लेजरचं बॅलन्सिंग करायचं, म्हणजे सगळ्या पानांवरच्या शिल्लकांची बेरीज करून ती शाखेच्या एकूण आकड्याशी जुळते का ते पाहायचं. जुळली नाही तर फरक सापडेपर्यंत बसायचं.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बचत खात्यावरचं व्याज त्या काळी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजलं जाई. दहाच्या आधी पैसे भरा, महिना संपेपर्यंत काढू नका, असं आपल्या आजीआजोबांना पाठ असायचं ते यामुळेच. हा नियम हाताने व्याज मोजणाऱ्या माणसाच्या सोयीचा होता. लाखो खात्यांवर रोजच्या शिलकेप्रमाणे व्याज काढणं वहीत शक्य नव्हतं. १ एप्रिल २०१० पासून बँका रोजच्या शिलकेवर व्याज मोजू लागल्या. सगळी खाती यंत्रावर गेल्यानंतरच हे जमलं. ग्राहकाच्या पदरात पडलेला हा खराखुरा फायदा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यंत्राची गरजही खोटी नव्हती. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा चाळीस हजारांच्या आसपास पोहोचला. खाती वाढली, ड्राफ्ट वाढले, आणि एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेल्या रकमांचा मेळ घालण्याचं काम तुंबत गेलं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या तिच्या पहिल्यावहिल्या कामांमध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांमधला हा मेळ घालून देण्याचं काम होतं. म्हणजे ज्या धंद्यात मी आज पोट भरतो त्याच्या उगमाशी हेच लेजर आहे.

मी काकांना विचारलं, “मग तुम्ही लोक यंत्राला एवढे का घाबरत होता?”

ते म्हणाले, “यंत्राला कोण घाबरत होतं रे? बेरजा करायची हौस होती का आम्हाला? आमचा प्रश्न साधा होता. माझ्या टेबलावरचं काम ते करणार, मग माझ्या टेबलाचं काय? आणि माझा मुलगा मोठा होईल तेव्हा हे टेबल असणार आहे का?”

नकाराची पार्श्वभूमी

हा प्रश्न १९८३ साली पहिल्यांदा विचारला गेला असं नाही. त्याच्या वीस वर्षं आधी तो आयुर्विमा महामंडळात विचारला गेला होता. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ लहानमोठ्या विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून एलआयसी जन्माला आली. पॉलिसींचा ढीग एवढा होता की पन्नासच्या दशकाच्या अखेरीसच तिथे पंच कार्डांवर चालणारी यंत्रं आली. साठच्या दशकाच्या मध्यावर महामंडळाने इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, एक मुंबईसाठी आणि एक कलकत्त्यासाठी. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध देशभर आंदोलन छेडलं. मुंबईत यंत्र बसलं. कलकत्त्यात मात्र इलाको हाऊसमध्ये ते बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला, आणि त्या काळात तरी ते तिथे चालू होऊ शकलं नाही.

आज हे वाचताना हसू येऊ शकतं. यंत्रावर पहारा! पण त्या वेळी शिकलेल्या मध्यमवर्गीय मुलासमोर पक्क्या नोकरीचे दरवाजे किती होते? सरकारी कचेरी, रेल्वे, विमा, बँक. त्यातले दोन दरवाजे एखादं यंत्र अरुंद करणार असेल, तर त्यावर पहारा ठेवावासा वाटणं मला समजतं. पश्चिम बोरिवलीतल्या जीवन बीमा नगरासारख्या वसाहती पाहिल्या की त्या एकेका नोकरीने किती जणांना उपनगरात छप्पर दिलं याची कल्पना येते.

सरकारनेही हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. १९६९ मध्ये ‘ऑटोमेशन’चा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्यासोबत भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडणारे तेच हे दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ साली आला. सरसकट बंदी नको आणि सरसकट मोकळीकही नको, कॉम्प्युटर कुठे आणायचा हे पारखून ठरवावं, असा त्याचा सूर होता. कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हा प्रश्न तेव्हा यंत्राच्या जाणकारांपुरता ठेवला नव्हता. दारिद्र्याचा हिशेब मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञालाही तो विचारला गेला होता. आज एआयच्या बाबतीत असं कुणाच्या मनात तरी येतं का?

मग आला १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठाहून अधिक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि त्यातले असंख्य कामगार पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. बँकेचा करार झाला तेव्हा या संपाला दीड वर्ष उलटलं होतं. बँकेतला कारकून गिरणगावातला नसेलही, पण त्याचा मामा, शेजारी, शाळासोबती तिथला होता. एक अख्खा उद्योग आपल्या माणसांना कसा बाहेर टाकू शकतो, हे तो रोजच्या वर्तमानपत्रात वाचत होता. अशा वेळी ‘यंत्राने तुमचं काम सोपं होईल’ असं कुणी सांगितलं, तर त्याला त्यातलं ‘तुमचं’ खरं वाटणार कसं?

विरोध कुठल्या एका झेंड्याखालचाही नव्हता. बँकांमध्ये डाव्या विचारांच्या संघटना जोरात होत्या. दुसरीकडे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी उभारलेल्या भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष या एका मुद्द्यावर एकाच बाजूला होते. आणि त्याच १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर केलं.

एकाच उपनगरात दोन काळ

आता याच वर्षांमध्ये मुंबईच्या उपनगरांत आणखी काय चालू होतं ते पाहा. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सीप्झ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी राखलेलं क्षेत्र, सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथून परदेशी गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं जाऊ लागलं होतं. पवईच्या आयआयटीत साठच्या दशकातच सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क कॉम्प्युटर आला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून पुढे जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था उभी राहिली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी टेलिफोन लाइनवरून एकमेकींना ईमेल पाठवू लागल्या होत्या.

म्हणजे जुहूहून पवईला ईमेल जात होता, आणि त्या दोन ठिकाणांच्या मधल्या अंधेरीतल्या एखाद्या बँकेत लेजर पोस्टिंगचं यंत्र किती बसवायचं याची घासाघीस चालू होती. आपण हे चित्र ‘पुढारलेले’ आणि ‘मागासलेले’ असं रंगवतो. मला ते तसं दिसत नाही. सीप्झमधल्या मुलाला कॉम्प्युटरने नोकरी दिली होती. बँकेतल्या माणसाची नोकरी त्याच्यामुळे जाऊ शकत होती. यंत्र एकच होतं, दोघांच्या हिशेबाच्या वहीत ते वेगवेगळ्या बाजूला लिहिलं जात होतं. दोघंही आपापला हिशेब बरोबर करत होते.

म्हणूनच १९८३ चा करार मला हुशार वाटतो. त्याने बँक कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटरचे फायदे शिकवायचा प्रयत्न केला नाही. टेबलाचं काय, या त्यांच्या प्रश्नाचं लेखी उत्तर दिलं: टेबल राहील. यंत्रांची संख्या मर्यादित राहील. यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता मिळेल. भत्त्याने काय केलं असेल याचा विचार करा. जी गोष्ट काल धोका होती ती आज पगारपत्रकावरची एक ओळ झाली. काका सांगतात, त्यांच्या शाखेत पहिलं यंत्र आलं तेव्हा त्यावर कोण बसणार यावरून सेवाज्येष्ठतेचा वाद झाला. यंत्र नको म्हणणाऱ्यांमध्येच आता यंत्र मिळावं म्हणून रांग लागली होती. कुणाचं मन वळवावं लागलं नाही. १९८७ मध्ये पुढचा करार झाला, १९९३ मध्ये त्याच्या पुढचा, आणि शाखांमधलं संगणकीकरण खऱ्या अर्थाने मोकळं झालं ते या १९९३ च्या करारानंतर. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना सांगितलं की २००१ च्या सुरुवातीपर्यंत सत्तर टक्के व्यवसाय कॉम्प्युटरवर आला पाहिजे. तेव्हा दुमत होतं ते मुदतीबद्दल. यंत्राबद्दलचं भांडण तोवर मिटलेलं होतं.

दहा वर्षं फार झाली, असं कुणी म्हणेल. आमच्या धंद्यात दहा वर्षांत चार तंत्रज्ञानं जन्मतात आणि मरतात. पण कुठल्याही शाखेवर पहारा न बसता एवढं मोठं काम वहीतून यंत्रात गेलं, याची किंमत म्हणून दहा वर्षं मला जास्त वाटत नाहीत.

बिल कुणी भरलं

गोष्ट इथे संपवली तर ती गोड होईल, पण अर्धी राहील. काकांच्या प्रश्नाचे दोन भाग होते. पहिल्या भागाला, माझ्या टेबलाचं काय, उत्तर मिळालं. दुसऱ्याला, माझ्या मुलाचं काय, मिळालं नाही.

करार नोकरीत असलेल्यांचा होता. जे अजून नोकरीला लागलेच नव्हते त्यांच्या वतीने सही करायला तिथे कुणी नव्हतं. कुणालाही काढायचं नाही, पण काम यंत्रावर जाणार, तर फरक कुठे पडणार? नव्या भरतीत. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर सरकारी बँकांमधली कारकुनांची भरती आटत गेली. २००० आणि २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांमधले सुमारे एक लाख लोक त्यातून बाहेर पडले. २००१ मध्येच बँकांची भरती मंडळं, ज्यांच्या परीक्षांचे फॉर्म भरून पिढ्यान्‌पिढ्या मुलं अभ्यासाला बसत, बंद झाली. एकत्रित भरती परीक्षा पुन्हा सुरू झाली ती २०११ मध्ये.

मधल्या दशकात बँकेत जाऊ शकला असता असा मुलगा कुठे गेला? काहींना सीप्झने घेतलं, मालाडच्या कॉल सेंटरांनी घेतलं, पुढे ऐरोलीने घेतलं. काहींना कुणीच घेतलं नाही. त्यांची नोकरी गेली असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, कारण ती त्यांना मिळालेलीच नव्हती. संघटनांचं भाकीत चुकलं असं आपण सर्रास म्हणतो. ‘कॉम्प्युटरने नोकऱ्या जातील म्हणत होते, उलट वाढल्या.’ एकूण बेरजेत ते खरं असेल. पण भाकीत अगदीच चुकलं नव्हतं. ज्यांच्या बाबतीत ते खरं ठरलं, ते सभासद नव्हते.

उत्तर न देता घाई केली तर

करार न करता, प्रश्न न ऐकता यंत्र आणलं तर काय होतं याचं उदाहरणही उपनगरातच आहे, सांताक्रूझ पूर्वेच्या कलिना संकुलात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी कॉम्प्युटरवर त्या वाचून गुण द्यायचे. कल्पना वाईट नव्हती. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत, कुणाची उत्तरपत्रिका कुणाकडे गेली हे कळत नाही.

पण प्रश्न होता सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांचा, आणि निर्णय झाला तो परीक्षा तोंडावर असताना. प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. तयारीला वेळ नाही, प्रशिक्षण पुरेसं नाही, आधी थोड्या विषयांवर करून पाहा. हे सगळं ‘बदलाला विरोध’ या खात्यात जमा झालं. पुढे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. परीक्षेनंतर ४५ दिवसांत लागायचे ते निकाल महिनोन्‌महिने रखडले. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, पुढच्या प्रवेशांची वाट पाहणारी मुलं ताटकळली. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

यातला खरा धडा पुढच्या वर्षांत आहे. स्क्रीनवरचं मूल्यमापन नंतरही चालू राहिलं. ते तंत्रज्ञान निकामी नव्हतं आणि प्राध्यापक अडाणी नव्हते. त्यांच्या आक्षेपात त्या व्यवस्थेची चाचणी फुकटात झालेली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर वापरणाऱ्यांनी बग आधीच कळवला होता, फक्त तो कुणी नोंदवून घेतला नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून मुलांना धड्याशी जोडलेले व्हिडिओ, कविता, स्वाध्याय देण्याची कल्पना त्यांनी आधी स्वतःच्या वर्गात वापरली, मग ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तिथे शिक्षकावर मात करावी लागली नाही, कारण सुरुवातच शिक्षकाने केली होती. तंत्रज्ञान त्याच्या अडचणीला उत्तर म्हणून आलं होतं.

आणि एक उदाहरण आपल्या रोजच्या वाटेवरचं. लोकलच्या स्टेशनांवर तिकिटाची स्वयंचलित यंत्रं बसली तेव्हा लोक ती सोडून खिडकीच्या रांगेत उभे राहत. रेल्वेने काय केलं? निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना कमिशनवर त्या यंत्रांशेजारी बसवलं. घाटकोपरला, अंधेरीला तुम्ही पाहिलंच असेल. आपण ‘एक मुलुंड रिटर्न’ म्हणतो, ते दोनतीनदा बोट टेकवतात, तिकीट बाहेर. ‘स्वयंचलित’ यंत्राला माणूस लागतो याची चेष्टा मीही ऐकली आहे. पण रांग त्यानेच कमी झाली. शिवाय निवृत्त माणसाला काम मिळालं, आणि ज्यांना यंत्र जमत नाही त्यांना अपमान न होता तिकीट मिळालं.

आता आमची पाळी

हे सगळं मी आता का लिहितोय? कारण ती स्लाइड आता आमच्यासाठी दाखवली जाते. कोड लिहिणारी एआय साधनं ऑफिसात आली आहेत. ती मी रोज वापरतो, त्यांचा उपयोग होतो, हे सांगायला मला संकोच नाही. पण कोण ती किती वापरतं याचा आकडा वर जातो, आणि कमी वापरणाऱ्याबद्दल हळूच म्हटलं जातं, बदल स्वीकारायला वेळ लागतोय त्याला. ज्या सीप्झने इतरांच्या टेबलावरचं काम कॉम्प्युटरवर नेलं, तिथून चार पावलांवर बसून आम्ही आमच्याच टेबलाकडे पाहतो आहोत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कारण एआय नाही, असं कंपनीने सांगितलं. कारण काहीही असो, त्या संध्याकाळी आमच्या डब्यात दुसरा विषय नव्हता.

माझी भीती माझ्या टेबलाबद्दल तितकीशी नाही. मला काळजी वाटते ती काकांच्या दुसऱ्या प्रश्नाची. मी काम शिकलो ते बारीकसारीक बग सोडवून, दुसऱ्याच्या कोडसाठी टेस्ट लिहून, कंटाळवाणी कामं करून. नेमकी तीच कामं आता यंत्राकडे जात आहेत. आम्हाला कुणी काढणार नाही कदाचित. पण आमच्या मागून येणाऱ्या मुलीला घ्यायचं कारणच उरलं नाही तर? तिची नोकरी गेली असंही कुठे लिहिलं जाणार नाही.

आमच्याकडे १९८३ सारखी संघटना नाही, टेबल नाही, करार नाही. म्हणून मी आणि टीममधल्या दोघांनी मिळून एका कागदावर पाच ओळी लिहिल्या आणि मॅनेजरसमोर ठेवल्या. एक, यंत्राने लिहिलेल्या कोडची जबाबदारी ज्याच्या नावावर, त्याला तो तपासायला पुरेसा वेळ मिळावा. दोन, नव्या मुलांना पहिले काही महिने ठरावीक बग हाताने सोडवायला द्यावेत, मग वेळ जास्त लागला तरी चालेल. तीन, साधन किती वापरलं हा आकडा वार्षिक मूल्यमापनात धरू नये. चार, वाचलेल्या वेळातला काही भाग शिकण्यासाठी राखावा. पाच, दरवर्षी किती नव्या मुलांना घेणार ते टीमला सांगावं.

मॅनेजर चांगला माणूस आहे. त्याने कागद नीट वाचला. पहिल्या दोन ओळी मान्य केल्या आणि त्या महिन्यापासून पाळतोही आहे. तिसरीवर ‘वर विचारून सांगतो’ म्हणाला. चौथीवर हसला. पाचवीवर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “हे माझ्या हातात नाही रे.”

ते खरंच आहे, त्याच्या हातात नाही. पण कुणाच्या तरी हातात आहे. ते कोण, हे आम्ही सध्या विचारतो आहोत, आणि कागदावरची पाचवी ओळ अजून खोडलेली नाही.